नांदेडचा समुद्र

आमचें घर लातुरास. तेथून कोणत्याही दिशेनें निघालें तरी समुद्र साडेतीनशें किलोमीटरांच्या अलीकडे भेटत नाहीं. पायांखालीं काळा पाषाण, तोही सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. डोईवर मराठवाड्याचें ऊन. आणि नदी म्हणाल तर मांजरा, जिच्यांत पाणी केव्हांपर्यंत टिकेल हें सांगण्याचें धाडस ज्योतिषीही करीत नाहींत. अशा घरीं प्रवाळाचा संबंध तो कितीसा येणार? मातोश्रींच्या गळ्यांतील पोंवळ्यांची माळ, थोरल्या काकांस मंगळ होता म्हणून त्यांच्या बोटांत असलेली आंगठी, आणि आजोबांच्या फडताळांतील प्रवाळभस्माची बाटली, एवढ्यावरच आमची ओळख संपत होती. म्हणून २०२२ च्या दिवाळींत नांदेडच्या आमच्या चुलतबंधूंचा निरोप आला कीं, "तुमच्या पुतण्यानें घरांत समुद्र आणला आहे, सर्वांनीं पाहावयास यावें," तेव्हां आम्हीं तो थट्टेवारी नेला.

लातुराहून अहमदपूर, लोहा करीत नांदेडास जावयास मोटारीनें तीन तास लागतात. सोयाबीन निघून गेलें होतें, तूर कमरेइतकी आली होती, आणि कपाशीचीं बोंडें उलूं लागलीं होतीं. गोदावरीच्या पुलावर आलों तों दिवेलागण झाली. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं जेथें देह ठेवला, त्या तख्त श्री हजूर साहिबाची रोषणाई दुरून दिसत होती. गोदावरीचें पाणी पाहिलें कीं आम्हां लातूरकरांस थोडा मत्सर वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

दादांच्या घरीं सोप्यांत, पूर्वीं जेथें झोपाळा असे त्या जागीं, कांचेची एक टाकी मांडलेली होती. लांबी तीन फूट, रुंदी व उंची दीड दीड फूट. म्हणजे सुमारें दोनशें लिटर पाणी. वरून निळसर उजेड पडत होता. आंत खडकांची उतरंड, तिच्यावर हिरवीं, जांभळीं, तांबूस अशीं नाना आकारांचीं फुलें, आणि तीं सर्व एकाच वाऱ्यानें डोलावीं तशीं डोलत होतीं. मातोश्री बराच वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "बाग छान लावली आहेस रे!" पुतण्या हंसला. "आजी, यांत झाड एकही नाहीं. हे सगळे प्राणी आहेत."

मातोश्रींची चूक फार जुन्या व थोर मंडळींनींही केलेली आहे. आपल्या संस्कृतांत प्रवाल म्हणजे कोंवळा अंकुर आणि प्रवाल म्हणजेच पोंवळें. दुसरें नांव विद्रुम, त्यांतही झाड आहेच. युरोपांतील पंडितही तसेंच मानीत. १७२० नंतरच्या दशकांत मार्सेयच्या पेसोनेल नांवाच्या वैद्यानें, ज्यांस लोक पोंवळ्याचीं फुलें म्हणतात ते लहानगे प्राणी होत, असें पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविलें, तेव्हां तें कोणी मानलें नाहीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्याचें म्हणणें खरें ठरलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें आमच्या हातांत भिंग दिलें व रीतसर शिकवणी सुरू केली. त्याचा पहिला धडा असा कीं, प्रवाळ ओळखावयाचें तर रंगावर जाऊं नये. तोच जीव निळ्या दिव्याखालीं पोपटी दिसतो आणि पांढऱ्या दिव्याखालीं मातकट. रंग सोडून भुजा मोजाव्या. प्रत्येक फूल हा एक स्वतंत्र जीव. मध्यें तोंड, भोंवतीं भुजांचें कडें. भुजा बरोबर आठ असून प्रत्येकीला पिसासारखी झालर असेल तर तें एक कुळ. आणि सहाच्या पटींत असून झालर नसेल तर दुसरें. टाकींतील देंठावर उभें राहिलेलें, चामड्यासारखें जाड प्रवाळ पहिल्या कुळांतलें. जांभळ्या सायीवर हिरव्या चांदण्या उमलाव्या तसें एक होतें, तेंही त्याच घराण्यांतलें. मुठी उघडून मिटावी तशी अखंड हालचाल करणारें एक, तेंही आठ भुजांचें. बटणांसारखीं जीं झुबक्यानें वाढलीं होतीं तीं मात्र सहाच्या कुळांतलीं; आणि खडकास चिकटलेलीं भूछत्रें, तींही त्यांचींच दूरचीं भावंडें.

या सर्वांच्या पोटांत दगडी सांगाडा नाहीं. ज्यांच्या असतो तीं खरीं पाषाणप्रवाळें, समुद्रांतील बेटें उभारणारीं. तसें टाकींत एकच होतें. पुतण्या त्यास हातोडी म्हणे, कारण त्याच्या लांब भुजांचीं टोंकें हातोडीसारखीं आडवीं होतीं. वरून पाहावें तर मांसल गुच्छ, आणि खालीं पांढऱ्या दगडाची फांदी. तिच्या टोंकाशीं वाटी, आणि वाटींत मध्याकडे जाणारे चक्राच्या आऱ्यांसारखे पातळ पडदे. हे पडदे दिसले कीं ओळख पटली. मोठ्या शहरांतील एका दुकानदारानें तें "परदेशांत लावलेलें कलम" म्हणून त्यास विकलें होतें. सर्व टाकींत त्यास तेंच अधिक प्रिय होतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही.

मातोश्रींच्या माळेंतील तांबडें पोंवळें कोणत्या कुळांतलें, असें आम्हीं विचारलें. तें आठ भुजांचें निघालें. भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत तें वाढतें. जिवंतपणीं तांबड्या फांदीवर पांढरीं फुलें असतात, आणि त्या फांदीची जाडी वर्षाकांठीं एक मिलिमीटरही वाढत नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहून ठेवलें आहे कीं, रोमच्या स्त्रिया भारतीय मोत्यांस जितक्या भुलतात तितकेच भारतीय लोक पोंवळ्यांस. म्हणजे आपली ही हौस किमान दोन हजार वर्षांची आहे. हें सर्व ऐकून मातोश्रींनीं माळ हातांत घेतली व विचारलें, "म्हणजे हीं हाडेंच कीं रे?" क्षणभर कोणास उत्तर सुचेना. मग नांदेडच्या काकूंनींच निकाल दिला: शंख देवापुढें चालतो, मोतीं चालतात, मग पोंवळ्यानेंच काय घोडें मारलें? माळ पुन्हां गळ्यांत गेली.

आतां या समुद्राचें पालनपोषण. प्रवाळाच्या मांसांत सूक्ष्म शैवाल राहतें, एका चौरस सेंटिमीटरांत दहा लाखांच्या आसपास. तें उजेडावर अन्न तयार करतें व घरमालकास देतें. म्हणून दिवा हवा. पाणी सतत हलतें हवें, म्हणून पंप हवे. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश असावी. ३० च्या वर गेली आणि तशीच राहिली कीं प्रवाळ आपल्या पोटांतल्या शैवालास बाहेर घालवितें, पांढरें पडतें, आणि उपाशी मरूं लागतें. नांदेडास वैशाखांत पारा ४२ वर जातो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा संसार किती नाजूक आहे तें कळेल. लिटरमागें ३५ ग्रॅम मीठ, तेंही स्वयंपाकांतलें नव्हे. समुद्राचे सर्व क्षार असलेलें तयार मीठ मिळतें. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास. ज्यांस सांगाडा बांधावयाचा त्यांच्यासाठीं कॅल्शियम लिटरास ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि त्याच्या जोडीला मॅग्नेशियम सुमारें १३००. नवी टाकी भरल्यावर महिना दीड महिना तींत कोणासही सोडावयाचें नाहीं. तोंवर घाण पचविणारे जंतु खडकांत वस्ती करतात. ज्यांस धीर नाहीं त्यांनीं या वाटेस जाऊं नये. शिवाय बटणांच्या कित्येक जातींत भयंकर विष असतें. हातमोजे घातल्यावांचून त्यांस शिवूं नये, आणि त्यांचा खडक धुण्यासाठीं उकळत्या पाण्यांत तर कधींच घालूं नये, त्याची वाफही अंगावर येते. लहान मुलांच्या घरीं हें सर्वांस ठाऊक असलें पाहिजे.

काकूंची शंका वेगळी होती. "आपल्या बोअरच्या पाण्यांत चुना एवढा, बंबांत बोटभर पुटें चढतात; मग यास विकतचा चुना कशाला?" शंका मार्मिक होती. बंबांतील पूट आणि प्रवाळाचा सांगाडा हीं दोन्ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटच. परंतु नळाच्या वा बोअरच्या पाण्यांत चुन्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, क्लोरीन हीं अनाहूत मंडळीही येतात, आणि तीं आलीं कीं टाकींत शेवाळ माजतें. म्हणून पाणी आधीं आर. ओ. च्या यंत्रांतून गाळून अगदीं कोरें करावयाचें, आणि मग त्यांत मोजून मीठ घालावयाचें.

आणि येथेंच आमच्या मनांत खटकलें. गाळलेल्या लिटरामागें हें यंत्र तीन लिटर पाणी टाकून देतें. आम्हीं कागद घेतला. उन्हाळ्यांत टाकींतून रोज चार लिटर पाणी उडून जातें, आठवड्याचे अठ्ठावीस. शिवाय दर आठवड्यास वीस लिटर बदलावयाचें. म्हणजे पन्नास लिटर कोरें पाणी, त्यापायीं दीडशें लिटर टाकाऊ. एकूण आठवड्यास दोनशें लिटर. दोनशें लिटर म्हणजे आमच्या लातूरच्या घरचें एक निळें पिंप. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, तें वाचकांस आठवत असेल. पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहांटे आली. दहा वाघिणी, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर. त्याआधीं मार्चांतच पाणी भरण्याच्या जागीं पांचांहून अधिक माणसांनीं जमूं नये असा हुकूम निघाला होता. त्या दिवसांत आमच्या घरीं नऊ माणसांनीं तें एक पिंप किती दिवस पुरविलें याचा हिशेब मातोश्रींस अजून तोंडपाठ आहे. त्यांनीं कागद पाहिला मात्र, आणि त्या टाकीकडे पाठ करून बसल्या.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. परंतु काकूंनीं आम्हांस मागल्या अंगणांत नेऊन दोन पिंपें दाखविलीं. यंत्राचें टाकाऊ पाणी नळीनें त्यांत पडत होतें आणि लादी, गाड्या व धुण्याच्या पहिल्या खळबळीसाठीं वापरलें जात होतें. तुळशीला मात्र नाहीं, माती खारावते. तेवढ्यानें मातोश्रींचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं. पण त्या पुन्हां टाकीकडे तोंड करून बसल्या.

आतां आमच्या हातून घडलेला अपराध सांगितला पाहिजे. २०२३ च्या मे महिन्यांत दादांची सर्व मंडळी लग्नासाठीं पुण्यास गेली, आणि पांच दिवस घर व समुद्र आमच्या हवालीं झाला. पुतण्यानें सूचना लिहून ठेवल्या होत्या: रोज सकाळीं खुणेपर्यंत पाणी भरावें, पाणी बाजूच्या पिंपांत आहे. बाजूस पिंपें दोन होतीं. एकांत कोरें पाणी, दुसऱ्यांत पुढल्या बदलासाठीं कालवून ठेवलेलें खारें. आम्हीं विचार केला, समुद्रांत घालावयाचें तें खारेंच असणार. सुशिक्षित माणूस चुकतो तेव्हां पुरता तर्क लढवून चुकतो. रोज चार लिटर याप्रमाणें पांच दिवस आम्हीं त्यांत खारें पाणी ओतलें.

तिसऱ्या दिवशीं हातोडी आक्रसली. त्याच दुपारीं चार तास वीज गेली. इन्व्हर्टरवर पंप चालले, पण पाणी थंड करणारें यंत्र चालेना, आणि पारा ३१ वर गेला. आम्हीं बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यांत सोडल्या, पंख्यानें वारा घातला, आणि सर्व दोष उन्हाळ्याच्या माथीं मारला. पांचव्या दिवशीं मंडळी परतलीं. पुतण्यानें चपला काढण्यापूर्वीं पाणी तपासलें. गुरुत्व १.०२९ च्या जवळ गेलें होतें. त्यानें दोन्ही पिंपें पाहिलीं आणि हळूच विचारलें, "काका, मिठागरांत पाणी उडून जातें तेव्हां मीठ वर जातें का?"

हिशेब सोपा आहे. दोनशें लिटरांत सात किलो मीठ आधींच होतें. पाणी उडालें तरी तें जागींच राहिलें, आणि आम्हीं वीस लिटरांबरोबर आणखी सातशें ग्रॅम घातलें. समुद्रास जें पाऊस करतो तें आम्हीं करावयास हवें होतें. आम्हीं त्यास रागें भरण्याची वाट पाहत होतों. तो रागावला नाहीं, आणि तें अधिक जड गेलें. त्यानें तीन दिवस थोडें थोडें कोरें पाणी घालून खारेपणा उतरविला, कारण एकदम उतरविणें हाही आघातच. बटणें, भूछत्रें, चामड्या सारीं तगलीं. हातोडीचें मांस मात्र तपकिरी चिकटा होऊन गळूं लागलें, आणि आठवड्यानें पांढरी फांदी तेवढी उरली, वाटींतल्या आऱ्यांसह. ती त्यानें धुवून कांचेच्या कपाटांत ठेवली.

२०२४ च्या जानेवारींत आम्हीं सर्व मालवणास गेलों. खर्च आमचा, यांत प्रायश्चित्ताचा भाग होता हें सांगावयास नकोच. लातुराहून कुर्डुवाडी, पंढरपूर करीत मिरजेस, म्हणजे पाण्याची गाडी ज्या रुळांवरून आली त्याच रुळांवरून उलटें. पुढें मोटारीनें राधानगरीवरून फोंडा घाट उतरून किनाऱ्याला. सिंधुदुर्गाच्या भोंवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील कित्येक ठिकाणच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तींत मालवण आहे. आणखी शंभर किलोमीटर आंत समुद्रांत आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालचें पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नांवाचें. तेथें प्रवाळांचें वैभव मोठें. पण तेथें तुम्हीं आम्हीं सहज जावें अशी ती जागा नव्हे.

तोंडाला नळी, डोळ्यांवर कांच, आणि दंडाला धरलेला मार्गदर्शक, अशा थाटांत आम्ही व पुतण्या पाण्यांत उतरलों. पहिल्यानें निराशाच झाली. पाणी गढूळ, दोन माणसांच्या उंचीपलीकडचें दिसेना. निळा दिवा नाहीं, डोलणारी बाग नाहीं. खडकांवर कांहीं मातकट, हिरवट गोळे बसलेले. पुतण्यानें बोटानें खूण केली. जवळ जाऊन पाहिलें तों त्या गोळ्यावर सुईच्या टोंकाएवढ्या वाट्या, हजारोंनीं. तो एकच एक संसार होता. पुढें वर येऊन त्यानें सांगितलें कीं, तें पोराइट्स. असा गोळा वर्षास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. त्याची उंची कमरेस लागेल इतकी होती. म्हणजे तें आमच्याही आधीं जन्मलेलें. दर पावसाळ्यांत नद्यांचें गोडें पाणी व गाळ त्याच्या अंगावर येतो, आणि तें उभें आहे. एका बाजूस मात्र तळहाताएवढा पांढरा डाग होता. येथील प्रवाळें उष्णतेनें पांढरीं पडत असल्याचें संशोधकांनीं अलीकडच्या वर्षांत नोंदलें आहे. आणि आम्ही परतल्यावर, त्याच वर्षाच्या एप्रिलांत, जगभरच्या समुद्रांतून चौथ्यांदा तसें होत असल्याचें जाहीर झालें.

किनाऱ्यावर धाकट्या पुतणीस प्रवाळाचा एक पांढरा तुकडा सांपडला. ती तो पिशवींत घालणार तोंच नावाडी म्हणाला, "बाय, ता थंयच ठेव. कायदो आसा." तिनें निमूटपणें ठेवला. पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रात्रीं बिऱ्हाडीं त्यानें कायदा धुंडाळून काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं सर्व पाषाणप्रवाळें, काळें प्रवाळ, बासरीप्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे घातले गेले. म्हणजे वाघाच्या पंक्तीस. बटणें, भूछत्रें, चामड्या यांचीं नांवें त्याला त्या यादींत आढळलीं नाहींत. हातोडी मात्र पाषाणप्रवाळ, आणि तिच्याबरोबर दुकानदारानें कोणताही परवाना दिला नव्हता. तिचा सांगाडा घरच्या कपाटांत होता.

दादांचें मत पडलें कीं, गेलेली वस्तु, कोणी विचारलेलें नाहीं, गप्प बसावें. उगीच पोराच्या नांवावर बालंट नको. आम्हांसही तें पटलें होतें. पुतण्याच्या मनांत दुसरेंच. तो म्हणाला, सांगाडा इथेंच समुद्रास देऊन टाकूं. पण ती जात या किनाऱ्याची नव्हे, तेव्हां तेंही योग्य नाहीं असें तो आपणच पुढें म्हणाला. काकू जप करीत बसल्या होत्या. माळ संपवून त्या म्हणाल्या, "ठाऊक नव्हतें तोंवर ती चूक होती. आतां ठाऊक झालें आहे."

नांदेडास परतल्यावर साधा अर्ज लिहून, सर्व हकीकत नमूद करून, दादा स्वतः मुलाबरोबर वनखात्याच्या कचेरींत गेले. तेथील गृहस्थांनीं ती पांढरी फांदी उलटसुलट पाहिली व विचारलें, "हें गोदावरींत सांपडलें?" पुढें सर्व समजावून घेऊन त्यांनीं ती ठेवून घेतली आणि पोंच दिली. पोंचेवर वस्तूचें वर्णन "प्रवाळ, मृत, एक" असें आहे.

टाकी अजून आहे. तींत पाषाणप्रवाळ नाहीं. भूछत्रें इतकीं वाढलीं आहेत कीं खडक दिसत नाहीं, आणि तीं लातुरास न्यावीं असा पुतण्याचा आग्रह असतो. मातोश्री पिंपाकडे बोट दाखवितात. गेल्या वैशाखांत मंडळी पुन्हां परगांवीं निघालीं, तेव्हां टाकी सांभाळण्यास आमच्यावांचून कोणी मिळेना. आम्ही गेलों तर दोन्ही पिंपांवर काकूंच्या ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या डकविलेल्या होत्या. एकीवर "गोडें: रोज", आणि दुसरीवर "खारें: भाऊजींनीं हात लावूं नये".